चूकभूल द्यावी घ्यावी

हायडेलबर्ग हे एक गाव आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं हायडेलबर्ग म्हणजे सांगलीच्या गणपती पेठेमागच्या बोळातलं आमचं काळं, जडशीळ यंत्र होतं. माझे वडील, अण्णा, त्याला ‘हायडलबर’ म्हणत, छापखान्यातला पोऱ्या ‘हायडल’, आणि आई नुसतंच ‘मशीन’. खंडेनवमीला त्याच्या चाकाला झेंडूचा हार पडे. पाटीवरच्या लांबलचक परक्या अक्षरांना हळदीकुंकवाची बोटं लागत. पुढे जर्मन शिकले, तेव्हा एका जुन्या फोटोतली ती पाटी मी पहिल्यांदा वाचली: ‘श्नेलप्रेसेनफाब्रिक’. झपाट्याने छापणाऱ्या यंत्रांचा कारखाना.

ते यंत्र अण्णांनी 1979 साली मुंबईहून आणलं, तेही कुणीतरी वापरून झालेलं. तोवर आमच्याकडे ट्रेडल होतं. ट्रेडलवर माणूस एका हाताने कागद घालतो, दुसऱ्या हाताने काढतो, आणि मधल्या निमिषात आपली बोटं वाचवतो. हायडेलबर्ग कागद हवेनेच उचलायचं. मग दोन पोलादी हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरत, एक कोरा कागद आत नेई, तोवर दुसरा छापलेला बाहेर आणी. उसासा आणि टाळी, उसासा आणि टाळी, असा त्याचा आवाज. त्या तालावर मी झोपलेय, अभ्यास केलाय, तापात पडून राहिलेय. तासाला पाच हजार कागद काढायची त्याची ताकद होती, पण अण्णा अर्ध्याच वेगाने चालवत. खिळे झिजलेले होते, आणि झिजलेल्या अक्षराला सांभाळून घ्यावं लागतं, असं ते म्हणत.

लग्नपत्रिका मोसमात. वर्षभर चाले ते बिलबुकांचं काम. हळदीचे अडते, गुळाचे व्यापारी, भांड्यांची दुकानं, सायकलवाले. मजकूर बदले, गणपतीचा ब्लॉक बदले, पण पावतीच्या पायथ्याशी दोन ओळी प्रत्येकाला हव्या असत. डावीकडे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. उजवीकडे ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. रोज कुठे जुळवायच्या, म्हणून त्या सुतळीने बांधून फळीवर तयारच ठेवलेल्या असत. दुकानाचं नाव आलं की खाली सरकवायच्या. पहिली ओळ अण्णांना आवडत नसे. दुसरी त्यांना आवडे. पण गिऱ्हाइकाने मागितलं ते छापायचं, म्हणून दोन्ही सारख्याच दाबाने कागदावर उमटत.

पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली होती. तिची पत्रकं आमच्याकडेही कधीमधी छापायला येत. ती छापत असताना अण्णा बारीक आवाजात ती वाचत. ‘ग्राहक’ हा शब्द ते पंचायतीच्या पत्रकात पाहत आणि मग आपल्या फळीवरच्या त्या बांधलेल्या पहिल्या ओळीकडे पाहत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येई, त्याला त्या वयात माझ्याकडे शब्द नव्हता. आज मी त्याला संकोच म्हणेन.

आईने मिक्सर घेतला तो दिवाळीच्या आधी. महाराष्ट्रात मिक्सर म्हणजे ‘सुमीत’ असा तो काळ होता. सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर मुंबईत सीमेन्समध्ये होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणाघाटणापुढे जळाला आणि दुरुस्त होईना. तेव्हा 1963 मध्ये माथुरांनी आपल्या घरांना पुरेल असा मिक्सर स्वतःच करायला घेतला. हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ यांच्यासाठी केलेला तो मिक्सर होता. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. एका घरातल्या ओट्यावरची अडचण कुणीतरी इतक्या गांभीर्याने घेतली की तिच्यातून कंपनी उभी राहिली. आमचा मिक्सर मात्र सुमीत नव्हता, दुसऱ्या एका कंपनीचा होता. तिसऱ्या दिवशी त्याचं मोठं भांडं तळाशी गळू लागलं. आई ते पिशवीत घालून दुकानात गेली. दुकानदाराने काही न बोलता पावतीच्या तळाशी बोट ठेवलं.

“ही ओळ आमच्याच ह्यांनी छापलीय,” आई म्हणाली. “तिच्या शेजारची पण वाचा.”

भांडं आठवड्याने बदलून मिळालं. पण त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत नीट, एवढं मला आठवतं.

मी इथे, हायडेलबर्गला, 2011 साली आले, ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. रेल्वे स्टेशनाबाहेर पडले आणि समोर पोलादी घोडा. युर्गेन गोएर्त्झ या शिल्पकाराने 2000 साली केलेला, 13 मीटर उंचीचा, अवयवांनी छपाईयंत्राची आठवण करून देणारा. शेजारच्या काचेच्या इमारतीवर तेच नाव, जे आमच्या बोळात हळदीकुंकवाखाली झाकलं जायचं. सामानाच्या बॅगांसह मी तिथे उभी राहिले. अण्णांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावात नेकार नदी आहे, जुना पूल आहे, डोंगरावर लाल दगडाचा भग्न किल्ला आहे, पलीकडच्या काठावर तत्त्वज्ञांची वाट आहे, हे सगळं नंतर पाहिलं. माझ्यासाठी हे गाव त्या नावापासून सुरू झालं.

तेवीस किलोच्या बॅगेत आईने आपला मिक्सर घातला होता. तोच. तिने नवा घेतला होता, पण जुना द्यायचं कारण तिने वेगळं सांगितलं: “तो माझ्या हाताला सरावलाय, तुझ्याही सरावेल.” वीज दोन्हीकडे सारखीच, दोनशे तीस व्होल्ट. फक्त आपल्या प्लगचे जाड गोल पाय इथल्या भिंतीत जात नाहीत. मी एक अडॅप्टर घेतला आणि गावातल्या रोरबाख भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी झाली.

इथला ग्राहक व्हायला मात्र मला वेळ लागला. सांगलीत दुकान म्हणजे माणूस. भांडायचं तर त्याच्याशी, उधारी मागायची तर त्याच्याकडे, आणि भांडून झाल्यावर चहा प्यायचा तोही त्याच्याकडेच. इथे सगळं कागदावर. पाव घेतला एक, तरी पावती. 2020 च्या जानेवारीपासून कायद्यानेच प्रत्येक विक्रीला पावती देणं भाग केलं. बेकऱ्यांनी तेव्हा खूप कुरकुर केली, पावाएवढाच लांब कागद कशाला, म्हणून. मी मात्र पहिल्या दिवशी ती पाच-सहा ओळींची चिठ्ठी घेतली आणि घरापर्यंत मुठीत धरून आणली. एका पावासाठी बिल! अण्णांनी हा देश पाहायला हवा होता. फक्त या कागदाला शाई नसते. उष्णतेने अक्षरं काळी होतात आणि उन्हात, पाकिटात, दिवसागणिक विरत जातात. वस्तूची हमी दोन वर्षांची आणि पावतीचं आयुष्य कधीकधी त्याहून कमी. म्हणून मी मोठ्या खरेदीच्या पावतीची लगेच नक्कल काढून ठेवते. दाबाने उमटलेलं अक्षर कधी पुसत नाही, हे ज्या घरात पाहिलं त्या घरच्या मुलीला हे विरणं सोसत नाही.

पहिला फटका बसला तो एका व्यायामशाळेच्या करारात. वर्ष संपायच्या तीन महिने आधी लेखी कळवायचं होतं. मला चार दिवस उशीर झाला आणि करार आपोआप आणखी वर्षभर वाढला. फोन केला, विनंती केली, अखेर रडले. पलीकडची मुलगी सभ्यपणे म्हणाली, तारीख गेली. त्या वर्षभर दर महिन्याला खात्यातून पैसे जाताना पाहिले आणि दर महिन्याला तोच अपमान नव्याने वाटला. 2022 च्या मार्चपासून नव्या करारांना अशी वर्षभराची वाढ लावायला कायद्याने मनाई केली. त्याच जुलैपासून कंपन्यांना संकेतस्थळावर ‘करार इथे रद्द करा’ असं सरळ लिहिलेलं बटण ठेवावं लागतं. ते बटण मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा काहीही झालं नाही. एक ईमेल आला फक्त. पण किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

धुण्याच्या यंत्राचं प्रकरण याहून मोठं. घेतल्यापासून नवव्या महिन्यात ते पाणी सोडेना. आत भिजलेले मुलाचे कपडे, दाराच्या काचेमागे गढूळ पाणी, पडद्यावर लुकलुकणारा एक आकडा. दुकानाने सांगितलं, उत्पादकाला विचारा. उत्पादकाच्या फोनवर पियानो वाजत राहिला. चाळीस मिनिटं मी तो पियानो ऐकला, कपडे बादलीत पिळत. शेवटी आवाज आला, “तुमच्याकडचं पाणी क्षारांचं आहे, दोष त्याचा.” पाणी क्षारांचं आहेच. ऱ्हाईनच्या सपाटीतल्या भूजलाने इथल्या किटल्या आतून पांढऱ्या होतात. आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी सायट्रिक ॲसिड घालून त्या उकळतो. पण मी यंत्रातही ते नेमाने घालत आले होते. आपण केलेल्या कामावर कुणी न पाहता ठपका ठेवला, की राग डोक्यात जात नाही, छातीत जाऊन बसतो.

इथे ग्राहकांसाठी सल्लाकेंद्रं असतात. तिथल्या बाईंनी माझं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकलं, मग एक पान उघडून माझ्याकडे फिरवलं. 2002 पासून दोन वर्षं जबाबदारी विकणाऱ्याची. उत्पादकाची हमी हा वेगळा कागद, त्याच्याआड दुकानाला लपता येत नाही. आणि 2022 पासून पहिल्या वर्षात वस्तू बिघडली, तर दोष आधीपासून नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं, मी नव्हे.

“पत्र लिहा,” त्या म्हणाल्या. “आणि तारीख द्या. अमुक तारखेपर्यंत, असं. तारीख नसलेलं पत्र म्हणजे नुसती तक्रार.”

त्या रात्री मी जर्मनमध्ये पत्र लिहिलं. खरेदीची तारीख, बिघाडाची तारीख, पावतीची नक्कल, चौदा दिवसांची मुदत. विशेषणं एकेक करून काढली. राग काढला. उरल्या सात ओळी. पोस्टातून रजिस्टर केलं, त्याची चिठ्ठी फायलीत लावली. अण्णा प्रूफ तपासताना शेवटी एकदा मजकूर उलटीकडून वाचत, म्हणजे डोळा अर्थात गुंतत नाही नि चूक सापडते. मी तसंच वाचलं.

अकराव्या दिवशी कारागीर आला. दाराशी वाकून बुटांवर निळी पिशवी चढवली, यंत्र पुढे ओढलं, पाणी परातीत काढलं आणि पंप बाहेर काढून माझ्या हातात दिला. आतलं पातं मुळातच तडकलेलं. “हे पाण्याने होत नाही,” एवढंच म्हणाला. नवा पंप बसवला, एक फेरी चालवून दाखवली, फरशी पुसली. दुरुस्तीच्या कागदावर त्याने लिहिलं: सुट्या भागाचा दोष. ते तीन शब्द मी किती वेळा वाचले असतील! 2021 पासून युरोपात धुलाई यंत्राचे महत्त्वाचे सुटे भाग किमान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम आहे, हे त्याच्याकडूनच कळलं. मला आमचं यंत्र आठवलं. मुंबईहून येणारा एखादा रबराचा शोषक किंवा कमान, तिची वाट पाहत थांबलेलं हायडेलबर्ग, आणि ती आल्यावर अण्णांनी हातातली पुडी उघडतानाची ती काळजीपूर्वक घाई.

तुमच्याकडे सगळं परत घेतात, असं आई फोनवर कौतुकाने म्हणते. तसं नाही, मी तिला सांगते. दुकानात जाऊन घेतलेली वस्तू चांगली असेल आणि नुसती आवडली नाही, तर परत घेणं ही दुकानाची मर्जी. चौदा दिवसांत मन बदलायचा हक्क आहे तो घरबसल्या मागवलेल्या वस्तूंना, कारण ती हातात घेऊन पाहिलेली नसते. “मग बरोबरच आहे की,” आई म्हणाली. आणि तुझ्याकडे पण आता, मी म्हटलं, 2019 चा कायदा सांगतो, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवस. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यांना सांगायला हवं होतं.”

रिकाम्या बाटल्यांचं मला सगळ्यात आवडतं. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की पंचवीस सेंट वर द्यायचे, बाटली परत केली की ते परत. दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात बाटली ठेवायची, ते तिला फिरवून पाहतं, आत घेतं, शेवटी चिठ्ठी देतं. शनिवारी तिथे रांग असते. माझा मुलगा लहानपणी प्रत्येक बाटलीला ‘ट्श्युस’ म्हणून निरोप द्यायचा. सांगलीत गोटी सोड्याची बाटली परत दिली नाही तर गाडीवाला अण्णांच्या नावाने हाक मारायचा, ते मी त्याला सांगितलं. नेकारच्या काठावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक बाटली कचऱ्यात न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवतात, गोळा करणाऱ्याला हात घालावा लागू नये म्हणून. पंचवीस सेंटांच्या व्यवहारात एवढी हळुवार जागा शिल्लक राहिलेली पाहिली, की मला या गावाविषयी माया वाटते.

गेल्या हिवाळ्यात आईचा मिक्सर थांबला. मोटर फिरत होती, भांड्यातलं पातं नाही. खालचा दात्यांचा रबरी कपलर झिजून गुळगुळीत झाला होता. सांगलीत हा भाग कुठल्याही दुरुस्तीवाल्याच्या बरणीत मिळेल. इथे ज्याला विचारलं त्याने तो चमत्कारिक वस्तूसारखा हातात फिरवला आणि परत दिला. आईने दोन कपलर एका ओळखीच्या मुलाबरोबर पाठवले. पण जुना निघेना.

महिन्यातून एकदा चर्चच्या एका सभागृहात दुरुस्तीची सभा भरते. रिपेअर कॅफे. 2009 मध्ये ॲमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा या बाईंनी पहिल्यांदा भरवली, ती आता गावोगाव भरते. लांब टेबलं, वर दिवे, एका टोकाला कॉफी आणि घरचे केक. एक आजोबा, हात मोठे आणि बोटांची टोकं चपटी झालेली, त्यांनी मिक्सर पालथा घातला. बराच वेळ ते काही न करता नुसतं पाहत राहिले. मग कपलर धरून भलत्याच दिशेने वळवला, आणि तो निघाला.

“उलटे आटे,” ते म्हणाले. “मोटर फिरते तशी हा घट्ट होत जातो. ज्याने केलं त्याने विचार केलाय.”

नवा बसला. मग त्यांनी माझा अडॅप्टर पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अर्थिंगची तार त्यात भिंतीपर्यंत पोचतच नव्हती. इतकी वर्षं ओल्या हातांनी मी तो मिक्सर वापरत होते. त्यांनी प्लग कापून इथला बसवला, मापकाने तार तपासली आणि मान हलवली. बोलता बोलता कळलं, त्यांची सगळी नोकरी इथल्या छपाईयंत्रांच्या कारखान्यात गेली. आधी गावात, मग वीसलोखला. तरुणपणी टीगल जुळवत होते. टीगल म्हणजे तेच, पवनचक्कीच्या हातांचं. 1985 पर्यंत ते निघत होतं.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम गेले, बिघडलेलं काही नसताना. अण्णांचं एक कोरं बिलबुक माझ्यापाशी आहे, ते घेऊन. आजोबांनी चष्मा काढला. पान वाचायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही. ते उलटलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. खिळ्यांचा दाब बोटाला लागतो तिथे ते थांबले.

“थोडा जास्त दाब दिलाय,” म्हणाले. “खिळे जुने होते का?”

मी मान हलवली. मला बोलता आलं नाही.

मग त्यांनी तळाच्या दोन ओळींवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय. मी सांगितलं. पहिली त्यांना लगेच कळली. दुसरी मला जर्मनमध्ये नीट सांगता येईना. चूक झाली तर तुम्ही आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला देऊ, असं काहीतरी मी म्हटलं. ते विचारात पडले. “आणि छापण्यातच चूक झाली तर? तुमचे वडील परत घेत?”

घेत. दर वेळी घेत. दुकानाचा नंबर चुकला, आडनावातला काना राहिला, क्रमांकाचं चाक अडकून एकच आकडा दोनदा पडला, की शंभर-शंभर पानांची बुकं सायकलच्या कॅरिअरला बांधून अण्णा परत आणत आणि रात्री पुन्हा छापून देत. वाया गेलेल्या बुकांना वरून पुठ्ठा लावून, उलटी शिवून, ते आमच्या कच्च्या वह्या करत. दहावीपर्यंतची माझी सगळी गणितं त्या पानांच्या मागच्या बाजूला सोडवलेली आहेत. उत्तर लिहायला पानाच्या तळाशी गेलं की पेन्सिल अडखळे. दोन ओळी तिथे उलट्या उमटलेल्या असत, आणि कुठली कुठली आहे हे मला न वाचता बोटाने कळायचं.